मुर्द्यांचा सिनेमा

आमच्या गावी तंबू टॉकीज यायची ती कापूस वेचून झाल्यावर. आमच्या प्रकाशा गावच्या, तापीकाठच्या घाटावरची महाशिवरात्रीची गर्दी ओसरली, की गावाबाहेरच्या पडीक रानात बांबू रोवले जात, कनाती बांधल्या जात आणि ट्रकमधून उतरवलेला जनरेटर संध्याकाळ झाली की धडधडू लागे. तंबूचे मालक नंदुरबारचे एक मुसलमान गृहस्थ होते. वडील सुतारकाम करायचे, ह्यांनी सिनेमा धरला. सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं, मीही म्हणायचो. महिना-दीड महिना ते तंबूतच राहत, आणि सिनेमा बदलला की सकाळी सायकलीला भोंगा बांधून आसपासच्या गावांत ओरडून येत.

साठ सालाच्या आसपासची ही गोष्ट. मी तेव्हा गावच्याच प्राथमिक शाळेत मास्तर होतो. वय तेवीस. एकदा मधल्या सुट्टीत चाचा शाळेत आले. त्यांनी मागवलेला हिंदी सिनेमा दुसऱ्याच गावी गेला होता आणि त्याच्याऐवजी इंग्रजी सिनेमाचे डबे येऊन पडले होते. परत पाठवून दुसरा मागवायचा तर आठवडा जाणार.

"मास्तर, तुमले इंग्रजी येस ना?" त्यांनी विचारलं.

"वाचता येस. बोललेलं समजत नही."

"तुमले समजत नही, हाई गावले कोठे समजस?" चाचा म्हणाले. "भोंग्यावर बसा. जसं दिसस तसं सांगत जा."

मला सिनेमाचं वेड होतंच. मी हो म्हणालो.

पण त्याआधी माझ्या भावाबद्दल सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही.

वडील मी सात वर्षांचा असताना तापानं गेले. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. त्यानं शाळा सोडून औत धरलं आणि मला मात्र शाळेतून हलू दिलं नाही. मी मॅट्रिक झालो तेव्हा त्यानं माझं गुणपत्रक घडी करून टोपीत ठेवलं आणि दोन दिवस गावभर फिरवलं. त्याला वाचता जेमतेम यायचं. मास्तरकीच्या ट्रेनिंगचा अर्ज नंदुरबारला नेऊन द्यायचा होता. मी तो भरायला इतका वेळ लावला की शेवटचा दिवस उजाडला. आषाढ होता. तापी गढूळ होऊन फुगली होती. पलीकडे जायचं तर नावेशिवाय मार्ग नव्हता, आणि मला पाण्याची भीती. मी सकाळपासून दारात नुसता उभा होतो. दादानं माझ्याकडे पाहिलं, अर्ज माझ्या हातातून घेतला, मेणकापडात गुंडाळला आणि म्हणाला, "तू ऱ्हाऊ दे. मी जास."

जाताना नाव नीट गेली. येताना मधल्या धारेत उलटली. नऊ माणसं होती. सात जण पोहून निघाले, एका म्हाताऱ्याचं प्रेत दोन दिवसांनी खालच्या गावाला लागलं. दादा कुठेच सापडला नाही. पंधरा दिवस गावातले लोक काठाकाठानं बांबू घेऊन फिरले. पाणी ओसरल्यावर डोहात माणसं उतरली. काही मिळालं नाही.

अर्ज वेळेवर पोचला होता. मला प्रवेश मिळाला. माझी मास्तरकी ही अशी आहे.

देह सापडला नाही तर दर्भाचा पुतळा करून जाळायचा असतो. घाटावरच्या उपाध्यांनी मायला तसं सांगितलं. भाऊबंदांनीही सांगितलं. माय म्हणाली, "माले पहिले दखाडा. मंग जाळा." देह डोळ्यांनी बघितल्याशिवाय ती काही करू देईना. चार वर्षं गेली. ती शेतात जायची, भाकरी करायची, शेजारणीच्या बाळंतपणाला जायची. बोलायची मात्र कामापुरतं. दादाचा एक पांढरा सदरा होता, तो दर आठवड्याला धुऊन दोरीवर टाकायची. न घालताही मळतो, म्हणायची.

तर सिनेमा.

पहिल्या दिवशी तंबू भरला. जमिनीवर पुढे ऊसतोडीला आलेले डोंगरातले मजूर, मागे गावकरी, मध्ये कापड लावून एका बाजूला बाया. माय आयुष्यात कधी तंबूत गेली नव्हती. त्या दिवशी आली, कारण तिचा मुलगा भोंग्यावर बोलणार होता. मी मशीनशेजारी मायक्रोफोन धरून बसलो. सुरू झाल्यावर कळलं की पहिलं रीळच नव्हतं. पडद्यावर एकदम डोंगरातलं एक परकं गाव दिसलं, आणि आभाळातून पांढरं काहीतरी पडत होतं.

"कापूस उडी ऱ्हायना," कोणीतरी म्हणालं, आणि तंबू हसला.

मी सांगितलं की तो बर्फ आहे. तेवढ्यात त्या बर्फातली जमीन हलली आणि माणसं वर आली. हळू, पाय ओढत, डोळे उघडे पण कशावरच न ठरणारे. हसू थांबलं. ती का उठली ते हरवलेल्या रिळात असणार. मला काय माहीत? मी ठोकून दिलं. म्हटलं, गावात साथ आली व्हती, माणसं मेली, त्यासले मूठमाती दिधी, आते त्या मुर्दा उठी ऱ्हायनात. बाया तोंडावर पदर धरू लागल्या. मला स्फुरण चढलं.

पुढे बसलेल्या मजुरांपैकी एका म्हाताऱ्यानं मान वळवून मोडक्या अहिराणीत विचारलं, "या आजारी शेतस का?"

"नही, बाबा. मेलेल शेतस."

"पन चाली ऱ्हायनात," तो म्हणाला आणि परत पडद्याकडे बघू लागला.

ती माणसं चालत होती ती आपापल्या घराकडे. हे मला मध्यावर लक्षात आलं. चांभार आपल्या दुकानापुढे जाऊन उभा राहिला. एक बाई विहिरीवर गेली आणि तिथेच उभी राहिली. कोणी कोणाला मारलं नाही की चावलं नाही. गावातल्या जिवंत माणसांनी मात्र भराभर दारं लावून घेतली. एक तरुण पोरगा बर्फातून चालत एका दाराशी आला. आत त्याची आई होती. तिनं खिडकीतून त्याला पाहिलं आणि ती दाराकडे धावली. तेवढ्यात एका धिप्पाड माणसानं तिला खांद्याला धरून मागे ओढलं, आणि तो तिला बराच वेळ काहीतरी सांगत राहिला. इंग्रजीत. मला एक अक्षर कळलं नाही. सगळा तंबू माझ्या आवाजाची वाट बघत होता.

मी म्हणालो, "पाटील तिले सांगस, बाई, तो आते आपला ऱ्हायना नही."

तंबूतून एक सुस्कारा आला. ते वाक्य मलाच आवडलं. पुढे ज्या ज्या दाराशी कोणी आलं तिथे मी तेच म्हणालो. शेवटी गावकऱ्यांनी मुर्द्यांना मशाली दाखवत एका गवताच्या कोठारात हाकलून आग लावली, तेव्हा पुढच्या रांगांतली पोरं माझ्याबरोबरच ते वाक्य म्हणत होती.

सिनेमा तीन दिवस चालला. माय तिन्ही दिवस आली. चौथ्या दिवशी सकाळी मी शाळेत जायच्या आधी चुलीपाशी बसलो होतो. ती भाकरी थापत होती.

"त्या बाईनी दार का बरं उघाडं नही?" तिनं विचारलं.

"कोणती बाई?"

"तुन्हा सिनेमामानी. तिना पोटना आंडोर बाहेर थंडीमा उभा व्हता."

"माय, तो मरेल व्हता."

"मरेल व्हता तं चालत कसा उना?"

मी समजावण्याच्या सुरात म्हणालो, "त्याना जीव गयेल व्हता. नुसतं आंग. तो मायले वळखत बी नव्हता."

तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "जल्मना तवय तूबी माले वळखत नव्हता. दादाबी नही. बोलता ये ना, चालता ये ना. नुसतं तोंड उघाडे. तवय मी दार लाई लिधं का?"

मी हसून काहीतरी बोललो आणि शाळेत निघून गेलो.

पुढच्या आयुष्यात मी अशा तऱ्हेचे सिनेमे आणखी पाहिले. आता तर ते घराघरात दिसतात, आणि त्यांतले मुर्दे चावतात, धावतात, हजारांनी येतात. भीती वाटावी अशी सगळी सोय असते. पण मुर्दा दिसला की माझं लक्ष त्याच्याकडे नसतं. मी वाट बघतो ती त्या एका माणसाची, जो दुसऱ्या माणसाला खांद्याला धरून सांगतो की हा आता आपला नाही. हे बोलून होईपर्यंत कोणाचा हात उठत नाही. बोलून झालं की काहीही करता येतं, आणि बघणाऱ्यालाही ते योग्यच वाटतं.

सिनेमा जाऊन पंधरा-वीस दिवस झाले होते. अमावास्येच्या स्नानाला बाहेरगावचे लोक घाटावर आले होते. ते आपापल्या गाड्या जोडून गेले तरी एक माणूस मागे राहिला. पंचविशी-तिशीचा. कोणी चुकून विसरलं की मुद्दाम सोडलं, देव जाणे. अंगावर फाटका कुडता, केसांच्या जटा. बोलत नव्हता. बसवलं तर बसायचा, उभं केलं तर उभा राहायचा. डावा पाय ओढत चालायचा. माय धुणं घेऊन घाटावर गेली होती. ती त्याला हाताला धरून घरी घेऊन आली.

मी शाळेतून आलो तेव्हा तो अंगणात माझ्याकडे पाठ करून बसला होता. मायनं त्याला ऊन पाण्यानं आंघोळ घातली होती, केस कापले होते आणि दादाचा तो पांढरा सदरा घातला होता. माझ्या हातातली पिशवी खाली पडली. मी समोर गेलो. दादाचा पुढचा दात अर्धा तुटलेला होता. ह्याचे सगळे दात धड होते. उंचीलाही हा चार बोटं जास्त.

मी आत जाऊन म्हणालो, "माय, हाऊ दादा नही शे."

"माले दिसत नही का?" ती म्हणाली. ती ताकात भात कालवत होती. "याले बी कोनी माय धुंडी ऱ्हायनी व्हई. मी याले जेवाडसू, तं तिकडे दादाले बी कोनी…" ती उठली. ताट घेऊन अंगणात गेली.

तो आमच्याकडे दीड महिना राहिला. माय त्याच्यासाठी वेगळं रांधायची आणि भरवायची. घास जवळ आला की तो तोंड उघडायचा, एरवी मिटलेलं. तिनं त्याच्यापुढे भुईमुगाच्या शेंगा टाकल्या की तो दिवसभर फोडत बसे. एकही दाणा तोंडात टाकत नसे. आणि माय बोलायची. चार वर्षं जी बाई मीठ-मिरचीपलीकडे बोलली नव्हती, ती त्याच्याजवळ बसून कुठल्या शेतात काय पेरलंय, कोणाच्या म्हशीला काय झालंय, दादा लहानपणी चिंचेवरून कसा पडला, सगळं सांगत राहायची. मी घरात आलो की थांबायची. मला त्याचा राग यायचा. हे तेव्हा मी कबूल केलं नसतं.

गावात त्याला 'मुर्दा' हे नाव पडलं. ते माझ्या शाळेतल्या पोरांनीच पाडलं. माय त्याला घाटावर घेऊन निघाली की दहा-पंधरा पोरं मागून हात लोंबते सोडून, पाय ओढत चालायची. आणि एका सुरात म्हणायची, "तो आते आपला ऱ्हायना नही." एकदा कोणीतरी दगड मारला. त्याच्या भुवईवर लागला. तो ओरडलाही नाही, रक्त डोळ्यात उतरलं तरी तसाच उभा. मायनं हळद भरली. दुसऱ्या दिवशी मी वर्गात दगड मारणाऱ्याला शोधून छड्या दिल्या. तो रडत म्हणाला, "गुरुजी, सिनेमामा तं तुमीच सांगं व्हतं."

त्याच सुमारास लोणखेड्याहून माझ्यासाठी स्थळ आलं. मध्यस्थ आमचे एक दूरचे मामा होते. ते आधी घर बघून गेले. जाताना मला वाटेवर थांबवून म्हणाले, "रविवारले त्या लोक येतीन. पोर देनारा मानूस आंगनमा पहिले काय देखी? याले कोठे तरी धाडी दे."

"माय ऐकावं नही."

"मायले कसाले इचारस?"

गुरुवारी माय शेजारणींबरोबर शहाद्याला गेली होती. संध्याकाळी परतणार होती. मी शाळेत चिठ्ठी पाठवली की तब्येत बरी नाही. मग त्याला हाताला धरून उठवलं. तो उठला. मी चालू लागलो, तो चालू लागला. कुठे, का, हे विचारण्याची त्याला सोय नव्हती, आणि त्याच गोष्टीचा मी आधार घेतला.

आम्ही नावेत बसलो. दादा गेल्यापासून मी नदी ओलांडायची म्हटलं की डोळे मिटून बसायचो. नदी शांत होती, पाणी उतरलेलं. तरी मधल्या धारेत नाव जराशी कलली, आणि त्यानं माझा हात धरला. घट्ट. दीड महिन्यात त्यानं आपण होऊन केलेली पहिली गोष्ट ती होती. मी डोळे उघडून बघितलं. तो पाण्याकडे बघत होता आणि घाबरला होता. घाबरलेला चेहरा कसा असतो ते मला चांगलं माहीत आहे. मुर्दा घाबरत नाही. हे मला त्या क्षणी कळलं, आणि तरीही पलीकडच्या काठाला उतरल्यावर मी त्याला एस.टी.त बसवलं.

नंदुरबार स्टेशनवर गर्दी नव्हती. फलाटाच्या टोकाला एक बाक रिकामा होता. मी त्याला तिथे बसवलं. गाड्यावरून भजी आणली, कागद त्याच्या मांडीवर उघडून ठेवला. मनात म्हणालो, हा आपला नाहीच. कधीच नव्हता. इथे माणसं येतात-जातात, कोणीतरी ओळखेल, कोणीतरी बघेल. तो समोरच्या रुळांकडे बघत होता. मी "बैस" म्हणालो आणि फाटकाकडे चालू लागलो. फाटकातून एकदा मागे पाहिलं. जसा बसवला होता तसाच बसला होता. भज्यांना हात लावला नव्हता.

संध्याकाळी माय आली. मी सांगितलं की तो सकाळीच उठून कुठे निघून गेला, मी शोधून दमलो. तिनं डोक्यावरची टोपली खाली ठेवली आणि तशीच घाटाकडे गेली. तीन दिवस ती शोधत होती. देवळं, धर्मशाळा, केळीचे मळे, संगमापर्यंतचा काठ. आणि मी तिच्याबरोबर हिंडत होतो. त्याला नाव नव्हतं, त्यामुळे हाक मारता येईना. ती नुसतं "ओ भाऊ, ओ भाऊ" करत चालायची. मला घरात भाऊच म्हणत. प्रत्येक हाकेला मला वाटायचं, आता आपण ओ द्यावी आणि सांगून टाकावं. सांगितलं नाही.

रविवारी लोणखेड्याचे पाहुणे आले. मायनं अंगण सारवलं होतं, चहा केला, मुलीच्या वडिलांशी नीट बोलली. सोयरीक जमली.

सोमवारी शाळा सुटल्यावर मी नंदुरबारला गेलो. बाक रिकामा होता. तिथल्या हमालाला विचारलं. त्याला आठवत होतं. म्हणाला, दोन दिवस तो मानूस हालला नही. आमी पानी पाजं. मंग कोन्या गाडीत चढना का कोनी चढाडं, माले ठाऊक नही. सुरतेकडची की भुसावळकडची, तेही त्याला सांगता येईना. पुढचे पाच-सहा रविवार मी कधी नवापूरला, कधी दोंडाईच्याला उतरून फलाटावर चौकशी करत हिंडलो. घरी सांगायचो, शिक्षकांची सभा आहे. तो मिळाला नाही.

लग्नाच्या आधी एक दिवस माय चुलीपाशी बसली असताना म्हणाली, "भाऊ, दादानं करी टाक आते."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, ती दर्भाच्या पुतळ्याचं म्हणत होती. मी म्हणालो, "कसाले? तू तं सांगे, पहिले दखाडा."

"करी टाक," ती म्हणाली. "मी आते वाट नही देखत."

घाटावर उपाध्यांनी दर्भाचा पुतळा बांधला. मायनं तो पांढरा सदरा आणला नव्हता, तो तर त्या माणसाच्या अंगावर गेला होता. तिनं दादाची टोपी आणली. मी अग्नी दिला. गवताची पेंडी जळायला लागतो तेवढाच वेळ लागला. जाळ खाली बसला तशी माय जमिनीवर बसली आणि चार वर्षांत पहिल्यांदा मोठ्यानं रडली. बाया तिला धरून होत्या. उपाध्ये मला म्हणाले, "बरं झालं, मोकळी झाली." मी मान हलवली. मला ठाऊक होतं की ती मोकळी झालेली नाही. दीड महिना तिनं एका माणसाला भरवून दूर कुठेतरी दादाच्या तोंडी घास पोचवला होता, आणि तो मी तोडला होता.

पुढल्या वर्षी चाचा तंबू घेऊन आले तेव्हा मला पुन्हा भोंग्यावर बसायला बोलवायला आले. मी घसा बसतो म्हणून सांगितलं. त्यांनी आग्रह केला नाही. निघताना म्हणाले, "मास्तर, तो सिनेमा मी मंग आखो कोठेच नही लावना. बाया गंज रडी गयात व्हत्यात." मी तर समजत होतो की त्या भ्यायल्या होत्या.

लग्न झालं. दोन वर्षांनी मुलगा झाला. बायको माहेराहून सव्वा महिन्याच्या बाळाला घेऊन आली त्या दिवसांतली गोष्ट. तो माझ्या मांडीवर पडून माझ्याकडे बघायचा, म्हणजे बघायचा असं मला वाटायचं. डोळे माझ्यावरून निघून कौलांवर जायचे, तिथून कुठेही. बोट ओठाला लागलं की तोंड उघडायचा. मी एकाएकी बोट मागे घेतलं. बायको म्हणाली, काय झालं? मी बाळ तिच्याकडे दिलं आणि बाहेर गेलो.

दुपारी माय ओट्यावर पाय पसरून बसली होती. पायांवर बाळ, शेजारी तेलाची वाटी. ती त्याला चोळत होती. मी समोर जाऊन बसलो आणि सांगून टाकलं. गुरुवारी ती शहाद्याला गेली होती ते, नाव, एस.टी., स्टेशन. त्यानं नावेत माझा हात धरला होता तेही. सांगताना मी तिच्याकडे बघितलं नाही, बाळाच्या तळपायांकडे बघत होतो. तिचे हात थांबले नाहीत.

बाळाचा दुसरा पाय हातात घेऊन तिनं विचारलं, "बसाडा व्हता का उभाच सोडी दिन्हा?"

"बसाडा व्हता. बाकवर."

"सावलीमा?"

"हां."

"खावाले?"

"भजी दिन्ही व्हती. गरम."

तिनं वाटीत बोटं बुडवली. "तेलकट त्याले चालत नव्हतं," ती म्हणाली. "पोट दुखे त्यानं."

मग तिनं बाळाला पालथं घातलं आणि त्याच्या पाठीला तेल लावू लागली.